चौदा मीटरवरचा सूड

क्रेनच्या पायांखाली लाकूड घातलं नाही, ही चूक माझीच. कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार शेजारी उभा राहून "राहू दे रे, उशीर व्हायलाय" म्हणत होता हे खरं, पण लिव्हर माझ्या हातात होता. भूकंपानंतर औशाकडच्या एका गावाची नवी घरं उभी राहत होती आणि मी ट्रकवरच्या क्रेनचा नवाच उस्ताद झालो होतो. उस्ताद म्हणजे काय, तर नुकतं मिसरूड फुटलेला आणि कुणालाही नाही म्हणता न येणारा माणूस. ट्रकचे चार जॅक, म्हणजे क्रेनचे पाय, मी काळ्या मातीवर तसेच टेकवले. सिमेंटचा पाइप हवेत गेला, एक जॅक लोण्यात बोट जावं तसा मातीत गेला, ट्रक कलला आणि पाइप अगदी सावकाश जाऊन गुत्तेदाराच्या जीपच्या बॉनेटवर बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

गुत्तेदारानं मला खाली उतरवलं आणि सगळ्या साइटसमोर कान धरून वीस उठाबशा काढायला लावल्या. "लाकूड नको म्हणले ते तुम्हीच" हे वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, पण तोवर मजुरांनी मोजायला सुरुवात केली. एका गवंड्यानं तेरानंतर पुन्हा अकरा म्हटलं. त्या तीन जादा उठाबशांचा रागही मी गुत्तेदारावरच धरला.

काळ गेला की माणूस विसरतो म्हणतात. मी विसरलो नाही. दरवर्षी एकदा तो राग बाहेर काढायचा, त्याला ऊन दाखवायचं आणि परत जपून ठेवायचा, असं बारा-तेरा वर्षं चाललं. मधल्या काळात माझी स्वतःची जुनी क्रेन झाली. लातूरला जिथं ज्वारीची रानं होती तिथं क्लासेस आणि वसतिगृहं उभी राहिली, आणि माझं काम वाढलं.

असंच एका नव्या क्लासच्या गच्चीवर जनरेटर चढवायचं बोलावणं आलं. इमारत दोन मजली. गेलो, तर समोर तोच गुत्तेदार. पोट सुटलेलं, केस काळे केलेले, अंगात पांढरेशुभ्र कपडे. मी लांबूनच ओळखला. त्यानंही माझ्याकडं रोखून पाहिलं.

"उस्ताद, दुपारच्या आत वर गेलं पाहिजे. चार वाजता उद्घाटन हाय," तो म्हणाला. चेहरा असा कोरा, की मी मनात म्हटलं, नाटक करायलाय.

क्रेन रस्त्यावर लागणार होती. मधे नवीकोरी कंपाउंडची भिंत, तिच्यामागं मोठं अंगण, मग इमारत. एका नजरेत मला कळलं की हे जमणारं नाही. पण बोललो नाही.

"जॅकखाली लाकडं लागतेल," मी म्हणालो.

"घाला की."

"माझा माणूस आज आला न्हाई."

त्याचे मजूर आदल्या दिवशीच गेलेले. उरले होते रंगारी, वॉचमन आणि तो. मी मुदखेडहून आणलेले रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचे आठ तुकडे त्यानं स्वतः वाहिले. पांढरा शर्ट डांबरानं काळा झाला. मी पातळी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा बघायचो आणि म्हणायचो, "अजून थोडं डावीकडं, साहेब." मग त्याच्याच हातात टेपचं टोक देऊन क्रेनपासून जनरेटरच्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं. चौदा मीटर. मग केबिनच्या दारावरचा, किती अंतरावर किती वजन उचलायचं त्याचा तक्ता मी मोठ्यानं वाचला. फाटकाशी पालक उभे होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"फोनवर तर दहा टनाची म्हणलाव," तो म्हणाला.

"दहा टन ती बुडाशी उचलते. हात लांब केला की ताकद उतरते. चौदा मीटरवर एकच टन. जनरेटर सव्वादोन, वर हूक आन् पट्टे."

"उचल रे, काय होत न्हाई. मी हाय ना."

त्याची नवी गाडी बुमच्या, म्हणजे क्रेनच्या हाताच्या, बरोबर खाली उभी होती. खोटं कशाला लिहू, मी डोळ्यांनी बॉनेटची लांबी-रुंदी घेतलीसुद्धा. एक लिव्हर ओढला की झालं. पण पाठीला दप्तरं लावलेली पोरं तिथूनच ये-जा करत होती. शिवाय ट्रक उलटला असता तर त्यावर मीच बसलेलो असतो.

"न्हाई," मी म्हणालो. हा शब्द एवढा गोड असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मग आता?"

"सहा मीटरवर आणली तर बसतंय. भिंत पाडा."

नांदेडला मोठी क्रेन होती, दुसऱ्या दिवशी आली असती. हे मी सांगितलं नाही. भिंतीवर क्लासचं नाव अजून ओलं होतं. रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. गुत्तेदारानं घण उचलला आणि त्याच्या प्रत्येक घावाला मी मनात आकडा म्हणत गेलो. तेरानंतर पुन्हा अकरा म्हटलं.

क्रेन आत घेतली. लाकडं पुन्हा पहिल्यापासून, आठही त्यानंच वाहिली. पोरांना दोरीबाहेर केलं, त्याची गाडी काढायला लावली. जनरेटर वीतभर उचलून धरला, चारी जॅक बघितले आणि मगच वर नेला. गच्चीवर तो तान्ह्या बाळासारखा टेकला.

गुत्तेदार विटांच्या धुळीनं माखलेला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "उस्ताद, तुमच्याइतका नेमका माणूस न्हाई बघितला." मी ती शरणागती समजून स्वीकारली.

घरी येऊन बायकोला सगळं अभिनयासकट सांगितलं. ती मेथी निवडत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "अहो, पण तुम्ही कोण ते त्याला सांगितलं का?"

"ओळखलंच असंल त्यानं."

"तसं म्हणला का?"

मी आठवून पाहिलं. म्हणाला नव्हता.

तिनं निवडलेली जुडी बाजूला ठेवली. "मग त्याला वाटलं असंल, क्रेनचा कायदाच असा हाय."