चाकांवरचा पलंग

स्वतःच्या पलंगावर झोपायला मिळावं म्हणून ज्याला सात समुद्र ओलांडून इंग्लंडात जावं लागलं, असा गृहस्थ अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. लग्नानंतर पुरुषाच्या बऱ्याच गोष्टी अशाच परस्पर ठरतात. दाजींचं घर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेलं. मागं भातखाचरं, पुढं अंगण, अंगणाच्या फाटकावर ‘खोली मिळेल’ अशी पाटी, आणि त्या सगळ्याच्या वर दाजींचा आवाज. त्यांनी या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरची म्हैस चरायची थांबते. मोबाइल आल्यावरही कित्येक वर्षं आसपासची मंडळी निरोप धाडायला दाजींचा गळाच वापरत होती, कारण त्याला रेंज लागत नाही आणि तो चार्ज करावा लागत नाही. मी अतिशयोक्ती करतोय असं कुणाला वाटेल. दाजींच्या बाबतीत ती करायला जागाच उरत नाही.

या गळ्यातून आजवर सगळे शब्द निघाले, फक्त एक निघाला नाही. ‘नाही.’ पुण्याहून, मुंबईहून, कुठून कुठून शनिवारी संध्याकाळी फोन येतो, ‘काका, खोली आहे का?’ घरात भाड्यानं द्यायच्या खोल्या भरलेल्या असतात, ओटीवर कॉलेजची पोरं पसरलेली असतात, आणि दाजी फोनवर म्हणत असतात, ‘या की. हाय की खोली.’ ती ‘हाय की’ म्हणजे दाजी आणि अक्का यांची स्वतःची खोली. अक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी. फोन ठेवायच्या आत ती उशी काखेत मारून पडवीकडे निघालेली असते. पडवीत भाताची पोती, कोंबड्यांचं डालगं, फवारणीचा पंप आणि शनिवार-रविवारचे मालक-मालकीण, असा मुक्काम गेली कित्येक वर्षं चालू आहे.

त्या खोलीत एक सागवानी पलंग आहे. माझ्या सासऱ्यांनी थोरल्या लेकीला आंदण दिलेला. (धाकटीच्या वेळी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते लग्नाच्या दिवशीच मागं पडलं आणि अजून आम्हाला गाठतंय. असो.) या पलंगावर हिंजवडीतल्या निम्म्या कंपन्या झोपून गेल्या. दोन लग्नं त्यावर ठरली, एक मोडलं, एका साहेबानं त्यावर लोळत राजीनामा लिहिला. फक्त अक्का त्यावर धड कधी झोपली नाही. सोमवारी पाहुणे गेले की चादरी धुवायच्या, मंगळवार-बुधवार खाचरात, आणि गुरुवारपासून पुढच्या शनिवारची तयारी. मधल्या वेळात ती पलंग पुसायची. आमच्या घरी आली की एकदाच म्हणायची, ‘एक खोली आसावी बाई, जितं कुणाला यायचंच न्हाई.’ आणि लगेच विषय बदलून माझ्या बायकोच्या भाकरीला नावं ठेवायची.

दाजींच्या कानावर हे गेलं नव्हतं असं नाही. म्हणून इंग्लंडातल्या लेकीनं उन्हाळ्यात दोघांना बोलावलं आणि जावयानं कॅरव्हॅनची गोष्ट काढली, तेव्हा दाजी एकदम उभे राहिले. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागं जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, चूल, मोरी, खिडकीला पडदा. लेक-जावयाला सुट्टी नव्हती. त्यांचं ते चाकांवरचं घर दारात रिकामं उभं होतं. दाजींनी अक्काला सांगितलं, ‘ही तुजी खोली. रोज नव्या गावाला, पण तुजीच.’ अक्कानं विचारलं, ‘आन् पडवी?’ दाजी म्हणाले, ‘त्याला पडवीच न्हाई.’ अक्कानं त्या दिवशी पासपोर्टाच्या फोटोसाठी पहिल्यांदा पावडर लावली.

तिकडं पोचल्यावर जावयानं आधी परीक्षा घेतली. मोटार पुढं चालवणं ठीक, पण मागं घर जोडलेलं असताना उलटं सरकवणं म्हणजे तिथल्या पट्टीच्या लोकांनाही घाम फोडणारं काम. दाजींनी उभं आयुष्य ट्रॅक्टरची ट्रॉली बांधावरून उलटी घालण्यात घालवलेलं. त्यांनी मान न वळवता, तंबाखू मळत, ते घर दोन झाडांच्या मध्ये असं नेऊन बसवलं की जावयाला वाटलं ते तिथंच उगवलंय. अडचण पुढं जाण्याची होती. तिकडं चौकात गोल फिरावं लागतं आणि आधी आलेल्याला वाट द्यावी लागते. दाजी स्वभावानं सगळ्यांनाच वाट देणारे. एका चौकाच्या तोंडाशी ते ‘जावा, जावा, तुमी जावा’ करत इतका वेळ थांबले, की अक्कानं मागं जाऊन भात टाकला, वरण शिजवलं आणि दोघं जेवून पुढं निघाले. असं दाजी सांगतात. अक्का म्हणते फक्त भात झाला होता.

नव्या गावाच्या शिवेवर आधी तिथल्या देवाला नारळ द्यायचा, ‘आमी आलोय’ म्हणून सांगायचं आणि मगच मुक्काम करायचा, ही आमच्या मावळातली रीत. दाजी लंडनातून नारळांचं पोतंच घेऊन निघाले होते. पण इंग्रजांच्या गावाला शीव सापडेल तर देव सापडेना. एकदा धुक्यात गावाच्या तोंडाशी लालभडक, एकटा, मुका उभा असलेला त्यांना दिसला. शेंदूर ताजा. दाजींनी हात जोडले, नारळ फोडला, अक्कानं कुंकू लावलं. तेवढ्यात एक माणूस आला, त्यानं देवाच्या पोटाचं कुलूप उघडलं आणि आत हात घातला. दाजींनी अर्धी वाटी त्याच्या हातावर ठेवली. टपाल गोळा करायला आलेला तो माणूस ती घेऊन गेलासुद्धा. नंतर लेकीनं फोनवर सांगितलं की ती टपालपेटी होती, तर दाजी म्हणाले, ‘आसंल. पण कुलूप काडून आत हात घालतोय म्हंजे मला गुरवच वाटनार की.’ पुढच्या प्रत्येक गावात मात्र त्यांनी जाणूनबुजून टपालपेटीलाच नारळ फोडला. म्हणाले, गावाचे सगळे निरोप जिच्या पोटात, तिच्याहून मोठं दैवत कोणतं.

असे पंधरवडाभर ते डोंगराडोंगरांतून हिंडले. दगडी बांध, मेंढ्या आणि पाऊस. ‘ताम्हिणीवानीच हाय सगळं, फकस्त भज्याची गाडी न्हाई,’ असा अहवाल मला फोनवर मिळाला. ती उणीव अक्कानं भरून काढली. एका मुक्कामी तिनं तव्यावर सुकट टाकली तेव्हा दरीतल्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या आणि शेजारच्या कॅरव्हॅनवाल्यानं आपल्या कुत्र्याकडे संशयानं पाहिलं. पण फोनवर अक्काचा आवाज मला निराळा वाटला. ती म्हणाली, ‘आज उठायला येळ झाला.’ यात तक्रार नव्हती. दागिना दाखवावा तसं ते वाक्य होतं.

आणि मग घात झाला. एका माळावर अशा चाकांच्या घरांचा मोठा मुक्काम होता. तिसऱ्या प्रहरी असला वारा सुटला की शेजारच्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या जुनाट कॅरव्हॅनचं छप्पर उचकटलं आणि आत पाऊस धो धो. म्हातारा, म्हातारी आणि त्यांच्याहून म्हातारा कुत्रा, असे तिघं भिजत उभे. दाजींचं इंग्रजी म्हणजे सगळं पाहुण्यांकडून शिकलेलं: ‘हॉट वॉटर मॉर्निंग ओन्ली’, ‘चेक-आउट इलेव्हन’, ‘नॉनव्हेज टेल बिफोर’. त्यांनी दार उघडलं, त्या तिघांकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांची सवय झालेली जीभ आपोआप वळली, ‘कम, कम. रूम अव्हेलेबल.’

मेव्हणी सांगते, तो शब्द हवेत असतानाच तिचा हात उशीकडे गेला होता. कॅरव्हॅनला पडवी नसते हे दाजींचं म्हणणं खोटं होतं. असते. दारापुढं उभा करायचा कापडी मांडव असतो. जावयानं तो गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता. तो बाहेर निघाला. आत म्हातारा-म्हातारी-कुत्रा, बाहेर दाजी-अक्का, आणि वरून इंग्लंड कोसळतंय. अक्कानं उशी ओल्या गवतावर टाकली. मग तिनं एकच वाक्य उच्चारलं.

‘येवढा समिंदर वलांडून आले, तरी माजी पडवी माज्या आदी येऊन बसलीया.’

दाजी मला हे सांगताना दर वेळी इथं थांबतात आणि खोकतात. सकाळी ती इंग्रज म्हातारी अक्काच्याच चुलीवर चहा करून बाहेर आली, अक्काला उठू न देता तिच्या हातात कप दिला आणि शेजारी ओल्या गवतावर बसली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. पण म्हातारीनं आपल्या नवऱ्याकडे पाहून डोळे फिरवले, आणि अक्का एवढी हसली की चहा सांडला. पण ते हसू म्हातारीसाठी होतं. दाजींशी अबोला तसाच. तो पुढच्या गावापर्यंत टिकला. तिथं टपालपेटीपुढं नारळ फोडताना दाजींनी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात शपथ घेतली की आता हितून पुढं तुज्या खोलीत दुसरं कुणी न्हाई. अक्का म्हणाली, ‘बोलू नगा. वागून दावा.’

दाजी परत आले ते थेट पिरंगुटच्या भंगारवाल्याकडे. तिथून त्यांनी एका मिनीबसचा सांगाडा उचलला आणि ट्रॉलीच्या चाकांवर वेल्डिंग करून बसवला. आता पलंग आत घालायचा, तर तो दारातून जाईना, खिडकीतून जाईना. पाय कापू म्हणणाऱ्या सुताराला अक्कानं चहाही विचारला नाही. शेवटी दाजींनी सांगाड्याची एक बाजू उचकटली, आधी पलंग ठेवला, मग त्याच्याभोवती कॅरव्हॅन पुन्हा शिवून घेतली. आता तो पलंग बाहेर काढायचा तर घर मोडावं लागेल. खिडकीला अक्काच्या जुन्या साडीचा पडदा लागला. रंगाऱ्यानं मागं काय लिहू विचारलं, तेव्हा दाजींना काहीतरी आई-वडिलांचा आशीर्वाद वगैरे हवं होतं. अक्कानं सांगितलं ते रंगाऱ्यानं लिहिलं: ‘इथे खोली मिळणार नाही.’

मे महिन्यात धरणाचं पाणी मागं हटतं तसं दाजी ट्रॅक्टर जोडून ते घर पाण्यामागं नेतात. अंगणातून काठापर्यंत. त्यांचा इंग्लंडचा दौरा आता एवढाच, पण नारळ रोज फुटतो. शहरातली माणसं त्या घरापुढं उभं राहून फोटो काढतात, एक रात्र द्या, मागाल ते देतो म्हणतात. दाजी त्यांना उत्तर देत नाहीत; घरामागं रंगवलेल्या ओळीकडे बोट दाखवतात आणि दुसरीकडे तोंड फिरवतात. तोंडानं नाही म्हणायची वेळ मात्र अजून आली नव्हती. ती मी आणली.

एका शनिवारी मी आणि बायको न कळवता जाऊन थडकलो. सगळ्या खोल्या भरलेल्या, ओटी भरलेली. मी म्हटलं, आपण काय पाहुणे आहोत का? घरचेच. आणि साडूच्या हक्कानं माझी बॅग कॅरव्हॅनच्या पायरीवर ठेवली. बायकोलाही वडिलांच्या पलंगावर एकदा झोपायचं होतं. दाजी कधी बॅगेकडे, कधी माझ्याकडे बघू लागले. मला खात्री होती. असा माणूस नकार देत नसतो.  अक्का आत गेली, उशी काखेत घेऊन बाहेर आली आणि पडवीकडे चालू लागली.

दाजी तिच्या मागं गेले. त्यांनी ती उशी तिच्या काखेतून काढून घेतली. मग माझी बॅग पायरीवरून उचलून माझ्या हातात दिली. धरणापलीकडची म्हैस थांबवणारा तो गळा, पण मला जेमतेम ऐकू आलं.

‘पाव्हणं, खोली न्हाई.’

एवढं बोलून त्यांना दरदरून घाम फुटला. अक्का होती तिथंच उभी राहिली. रिकाम्या काखेचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. मग पदराला हात पुसत ती म्हणाली, ‘पोत्यांवर गोधडी टाकून घ्या. टोचत्यात.’ आणि पायरी चढून आत गेली.

दिवस मावळायला दाजींनी ट्रॅक्टर सुरू केला आणि घर हलत हलत पाण्याकडे निघालं. खिडकीतला पडदा बाजूला होता. अक्का पलंगावर बसली होती, पाय वर घेऊन. इतक्या वर्षांत तिचे पाय जमिनीला न टेकलेले मी पहिल्यांदा पाहत होतो. आम्ही दोघं भाताच्या पोत्यांवर बसून ते बघत राहिलो. डालग्यात कोंबड्या कुरकुरत होत्या, गोधडीतूनही पोती टोचत होती. काठावर पोचल्यावर त्या घरात दिवा लागला. पडवीतून तो बारीकसा दिसत होता. बायको माझ्या खांद्याला टेकून हळूच म्हणाली, ‘अक्का इथूनच बघायची नाही रे, आपल्या खोलीतला दिवा?’