गाऱ्हाण्यातली चूक

यांचं सरपंचपद गेलं. हे म्हणजे आमचे यजमान. हातखंब्यावरून आत गेलं की आमचा गाव, आणि मी सून म्हणून आले तेव्हापासून गावाचे सरपंच हेच. यंदा मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळानं बैठक घेतली, आता तरुण माणूस हवं असं ठरवलं आणि आम्हाला फोनवर कळवलं. धाकट्या दिरांची सून बिनविरोध सरपंच झाली. पोर शिकलेली, कामाला वाघ. तिच्यावर राग धरावा असं काही नव्हतंच, त्यामुळे माझी जास्तच चिडचिड व्हायची.

सकाळी हे धुतलेला सदरा घालून पडवीत बसत. कुणी दाखल्याला येईना, कुणी भांडण घेऊन येईना. मी मेली सवयीनं पातेलंभर चहा टाकायची.

"एवढा चहा कोण पिणार?" हे विचारत.

"मी पिईन, तुम्हाला काय करायचंय!" म्हणत मी आत जायची आणि डोळे पुसायची. फार वाईट वाटायचं हो मला.

मग एक दिवस सूनबाई आली. आमच्याकडे नवा सरपंच खुर्चीवर बसण्याआधी ग्रामदेवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला सगळं सांगायचं, नि प्रत्येक वाक्याला जमलेल्या पुरुषांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान यांचा.

"आबा, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं," ती म्हणाली.

"मंडळाला सांग. फोनवरनं घालतील."

"तुम्ही घातल्याशिवाय मी खुर्चीवर बसणार नाही." असं म्हणून ती पायरीवर बसली ती बसलीच. माझ्या पातेल्यातला चहाही तिनंच संपवला. शेवटी मीच खेकसले, "अहो, पोरीचा किती अंत बघाल?" तेव्हा कुठे हे उठले.

देवळात आवाज तोच, खणखणीत. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझा गाव तुझ्या पायाशी गोळा झालाय..."

"व्हय म्हाराजा!"

"नि मी तुझा चाकर, ह्या गावाचा सरपंच, तुला हात जोडतोय..."

"व्हय म्हाराजा!"

सवयच ती, यांची नि सगळ्यांची. सूनबाईनंसुद्धा मान डोलावली. मग एकेकाच्या लक्षात आलं. कुणी हसलं नाही. देवापुढे बोललेलं मागे घेता येत नाही.

"बा देवा," हे म्हणाले, "म्हाताऱ्याची जीभ घसरली. चुकलंमाकलं पदरात घे. माझे दिवस झाले. आता ही पोर ह्या गावाची सरपंच. तिच्या वाटेत कोण काटे टाकील, तर त्याला तू बघून घे. नि तो मी असलो, तर मलाही सोडू नको..."

असल्या मागण्याला व्हय कोण म्हणणार? पुरुष सगळे माना खाली घालून उभे. आमच्याकडे बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत, मागे उभ्या राहतात. पण हा माणूस तसाच हात जोडून वाट बघत उभा, ते मला बघवेना.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले.

यांनी वळून पाहिलं. मग अख्खं देऊळ दणाणलं, पण पहिला आवाज माझा होता.