बर्फाच्या हौदातली माती

आमच्या विद्यापीठाची ललित कला इमारत मुळात बर्फाचा कारखाना. कारखाना बुडाला, मग तिथे मोडकी बाकं कोंबली, आणि दुसरं कुणी घेईना म्हणून ती आमच्या गळ्यात पडली. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मात्र 'दूरदृष्टीने निवडलेली वास्तू' असं छापलंय. छापोत बापडे. त्यात सगळ्या विभागप्रमुखांचे फोटो आहेत, चिखलमावशीचा नाही.

चिखलमावशी म्हणजे शिल्प विभागाची माती सांभाळणारी बाई. नाव पोरांनी ठेवलं, तिने हसत लावून घेतलं. बर्फाच्या जुन्या हौदात आमची माती असते. गुण दिले की पुतळा मोडायचा आणि माती परत हौदात टाकायची. पहिल्या तुकडीपासून तीच माती फिरतेय. मोडायची लाकडी मोगरी हातात आली की मावशी कुणाची भीडभाड ठेवत नसे. "सर, तुमचंही पहिलं नाक इथेच विरघळलंय," असं मला पोरांसमोर ऐकवायची. खूण एकच: ओलं फडकं गुंडाळलेलं असेल ते काम चालू, उघडं असेल ते मोडायचं.

एका मुलीने वडिलांचं डोकं करायला घेतलं होतं. वडील सुट्टीच्या दिवशी येऊन स्टुलावर बसत, मावशीशी गप्पा हाणत. त्यांच्या कानाची पाळी लहानपणी कुत्र्याने तोडलेली. "पोरीने ती जोडून दिली तर फुकटात ऑपरेशन होईल," म्हणायचे. मग ते आजारी पडले, मुलगी दवाखान्यातच राहू लागली. प्लास्टरचा साचा काढायचा राहिला होता आणि तोवर माती ओली राहायला हवी, म्हणून मावशी रोज फडक्यावर पाणी शिंपडायची.

त्यातच स्मरणिकेच्या फोटोंसाठी कुलगुरू येणार ठरलं. मळकं फडकं शोभणार नाही म्हणून मावशीने आपणहूनच ते सोडून, धुवून वाळत घातलं. पाहुणे गेल्यावर दमलेली बाई आवरायला लागली आणि उघडं दिसेल ते मोडत सुटली. तुटकी पाळी बोटांना लागली तेव्हा बाकीचं डोकं हौदात गेलेलं होतं.

विभागप्रमुख म्हणाले, "तडकलं म्हणून सांगा. माती आहे, तडकतेच." मावशीला मात्र ते पटेना.

वडील गेले. काही दिवसांनी मुलगी आली ती थेट मातीच्या खोलीत. "मावशी, ओलं आहे ना अजून? आज साचा काढते."

"मी मोडलं गं," मावशी म्हणाली. "तडकलं नाही. माझ्या हातानं मोडलं. शिव्या दे मला, मार."

"असू दे," मुलगी म्हणाली आणि एप्रन बांधायला लागली. शिवी परवडली असती. ते 'असू दे' मावशीच्या जिव्हारी लागलं.

मुलीने वडिलांचा फोटो समोर ठेवून हौदातल्या त्याच मातीचं नवं डोकं केलं. काम सफाईदार होतं, मी चांगले गुण दिले. पण चेहरा भलत्याच कुणाचा तरी आला होता, आणि तिलाही ते कळत होतं.

"मावशी, मोडा हे. हे बाबा नाहीत."

मावशीने मोगरी उचलली, परत खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"मोडा ना. नियमच आहे तुमचा."

"बाबा होते तेव्हा हात थांबला नाही माझा," मावशी रडत म्हणाली. "आता हे बाबा नाहीत म्हणतेस, तर हात उचलवत नाही. कुणाचे तरी असतील ना गं हे!"