धरणावरच्या फोटोतला भाऊ

२००४ च्या उन्हाळ्यात माझ्या वेबसाइटवरच्या एका फोटोवरून चांदवडच्या एका घरानं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी थांबवली.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मुलगा मस्कतला इंजिनिअर; त्यानं फोटो नेटवर मागितले. मी पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो केला, वेब पेज म्हणून सेव्ह केला आणि फुकट जागा देणाऱ्या एका सर्व्हरवर चढवला. ऑफिसातला मराठी फॉन्ट परक्या कॉम्प्युटरवर उमटत नसे, म्हणून फोटोंखालच्या ओळी इंग्रजी अक्षरांत टाइप केल्या. बहीण एकलहऱ्याच्या शाळेत शिकवत होती. लग्नानंतरही तिनं नोकरी करावी, हे मान्य असलेलं हे पहिलंच स्थळ. तिला ते हवं होतं.

एका फोटोत ती गंगापूर धरणावर आतेभावाशेजारी उभी होती. तिचा तोच फोटो सगळ्यांत चांगला आला होता. त्याला कापायला गेलं की तिचा अर्धा खांदा जायचा.

"आतेभाऊ लिहू नकोस," आई म्हणाली. "नुसतं भाऊ लिही."

आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. आत्यानं मागणी घातली होती आणि बहिणीनं नकार दिला होता. मी भाऊ लिहिलं.

त्याच आठवड्यात मुलाच्या काकांचा चांदवडहून फोन आला.

"साइट लय भारी केली राव तुम्ही. फक्त एक सांगा. बायोडाट्यात एकच भाऊ लिहिलाय. तो तुम्ही. मग धरणावरचा कोण?"

"आतेभाऊ."

"अस्सं. मग आत्यानं का नाय मागितली पोरगी?"

घरात विचारून सांगतो, म्हणालो. विचारण्यासारखं काही नव्हतं. मागितली होती म्हटलं तर मुलगी हट्टी ठरणार आणि आत्याला दिलेला नकार चारचौघांत जाणार. नाही म्हटलं तर मुलीत खोट.

"फोटोच काढून टाक," वडील म्हणाले. "विषय संपेल."

मी सायबर कॅफेत जाऊन ती स्लाइड काढली आणि फाइल पुन्हा चढवली. दुसऱ्या दिवशी परत फोन.

"काल होता, आज नाय. आमच्या पोरानं तिकडून सांगितलं. काय झाकायचंय?"

बहिणीनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "काका, आत्यानं मागितली होती. मी नाही म्हटलं."

"का बरं?"

"त्याला माझी नोकरी नको होती."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो ऐकू येत राहिला. "कळवतो," काका म्हणाले.

"आता आत्याला काय तोंड दाखवू?" आई म्हणाली.

"तोंड कशाला? स्लाइड दाखव," मी म्हणालो.

हसलं कोणी नाही.

चांदवडचा निरोप मध्यस्थानं आणला: मुलाचा सध्या विचार नाही. त्याच मध्यस्थानं सिन्नरचं एक स्थळ सुचवलं. त्यांनीही वेबसाइटचा पत्ता मागितला. वडिलांनी तो फोनवर एकेक अक्षर सांगून दिला.