कठडेबाईंचा अनुभवाचा दाखला

कठडेबाई हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. सोळा वर्षं त्या स्टीलचे कठडे बनवत होत्या. जिन्यांचे, गच्च्यांचे, दवाखान्यांच्या उतारांचे. पत्र्याच्या शेडमध्ये चार कारागीर, पाइप वाकवायचं एक यंत्र आणि कोपऱ्यात बाईंचं टेबल, एवढाच पसारा. शहरातल्या सात सरकारी कचेऱ्यांत लोक बाईंच्याच कठड्याला धरून जिना चढायचे. पण कागदावर बाईंचं नाव औषधालाही नव्हतं. सरकारकडून काम घ्यायचा मोठा ठेकेदार आणि त्याच्याकडून कठड्यांपुरतं काम घ्यायच्या बाई. पोटकंत्राटदार.

"पोटकंत्राटदार म्हणजे गं काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. "पोटाला मिळतं म्हणून, की पोटावर पाय येतो म्हणून?"

"सोयीप्रमाणे दोन्ही," बाई म्हणाल्या होत्या.

पुढे मोठ्या ठेकेदाराने धंदा पुतण्याच्या हाती सोपवला, आणि पुतण्याने पहिलं काम काय केलं, तर कठड्यांचं काम स्वतःच्या मेव्हण्याला दिलं. सोळा वर्षांचा घरोबा एका फोनमध्ये संपला. बाईंनी ठरवलं, आता मधला माणूसच नको. सरळ सरकारकडेच जायचं.

बांधकाम खात्याच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी कारकुनाने त्यांचा ठेकेदार म्हणून नोंदणीचा अर्ज उलटापालटा केला. "अनुभवाचा दाखला?"

"अहो, तुमच्या या जिन्याचा कठडा मीच केलाय. हा काय, माझ्या मागे."

कारकुनाने मान उंचावून कठड्याकडे पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे. "कठडा आहे हो. पण कागद कुठाय?"

काम मिळायला अनुभव हवा आणि अनुभव मिळायला काम हवं. म्हणजे पुन्हा कुणीतरी ठेकेदारच गाठायला हवा. बाई तणतणत घरी आल्या. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी बायकोची बाजू घेऊन चार पानी पत्र लिहिलं, 'आमच्या उद्योगाची वाटचाल' अशा मथळ्याचं. ते अकरा ठेकेदारांना पाठवलं. उत्तर एकाचंही नाही. बाईंनी फोन लावले, तेव्हा एकाने खरं काय ते सांगितलं. "चार पानं वाचायला मी काय परीक्षेला बसलोय?"

यजमान दोन दिवस रुसून बसले. आता त्यांची समजूत काढायचं कामही बाईंवरच आलं.

याच सुमारास एका निवृत्त सरकारी इंजिनियर बाईंकडे गॅलरीचा कठडा बसवायचं काम निघालं. भिंतीत भोकं पाडता पाडता कठडेबाईंनी मनातलं सगळं ओतलं. इंजिनियर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही चुकीच्या दारात उभ्या आहात," त्या म्हणाल्या. "सरकारला कठडा नको असतो हो, सरकारला इमारत हवी असते. कठडा हवा असतो ठेकेदाराला. त्याला गाठायचं ते निविदा भरायच्या आधी. नंतर त्याला फक्त स्वस्त माणूस लागतो. आणि काम घेण्याआधीच लिहून घ्यायचं की दाखला तुमच्या नावाने मिळेल. काम झाल्यावर कोण कुणाला विचारतो?"

"मग सोळा वर्षं मी काय केलं?"

"कठडे केलेत. विकायला शिकायचं राहिलं."

बाईंना राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. पण त्यांनी यजमानांच्या चार पानांचं एक पान केलं: काय बनवतो, किती दिवसांत, कुठे बसवलंय, त्याचे फोटो. यजमानांनी त्यातही ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्याच.

नव्या दवाखान्याची निविदा निघाली. ती भरण्याआधी ठेकेदारांच्या शंका ऐकायला खात्याने बैठक बोलावली होती. चौदा ठेकेदार होते, आणि बाई एकट्या. दीड तास सिमेंटवर चर्चा झाली. शेवटी बाईंनी हात वर केला.

"उताराच्या नकाशात एकच दांडा दाखवलाय. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात तिथवर पोचणार कसा? तुमच्याच नियमात दोन दांडे आहेत, एक वर, एक खाली."

अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक चाळलं. पुन्हा चाळलं. "बरोबर आहे," तो पडेल आवाजात म्हणाला. आठ दिवसांत खात्याचं दुरुस्तीपत्रक निघालं. एका वाक्याने साऱ्या ठेकेदारांचा कठड्याचा हिशेब कोलमडला आणि बाईंचा फोन वाजायला लागला.

पहिल्या ठेकेदाराने गोड बोलून नकाशासकट दर मागितला. बाईंनी संध्याकाळपर्यंत पाठवला. तीन दिवसांनी पाइपवाला दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या हस्ताक्षरातला नकाशा घेऊन दुसराच कुणी पाइपांचे भाव विचारत फिरतोय." बाईंनी कपाळाला हात लावला. शिव्या त्याला द्याव्यात की स्वतःला, हेच त्यांना कळेना. शेवटी दोघांनाही दिल्या.

दुसरा ठेकेदार जाड चष्म्याचा, सावध. त्याला बाईंनी आधीच बजावलं, "दर देते. नकाशा करार झाल्यावर. निविदेतल्या पोटकंत्राटदारांच्या यादीत माझं नाव, आणि काम झाल्यावर दाखला माझ्या नावाचा."

"तुम्ही कठडे विकता की अटी?"

"नुसते कठडे तुम्हाला कुठेही मिळतील."

त्याने अकरा दिवस झुलवलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब बाहेर आहेत, साहेब आत्ताच गेले. बाई पाच वेळा त्याच्या ऑफिसातल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून आल्या. पाचव्या खेपेला त्याने सही केली, बहुधा त्यांना पाहून कंटाळून. निविदा त्यालाच मिळाली. बाईंनी दोनशे बारा फूट कठडा बसवला आणि प्रत्येक जोड स्वतः हात फिरवून पाहिला.

खात्याकडून दाखला आला. घरी सगळे भोवती जमले. यजमानांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा पडला. बाईंच्या नावापुढे 'श्री.' छापलं होतं.

बाई तशाच उठून खात्यात गेल्या. टेबलामागचा माणूस म्हणाला, "दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत पुरावा जोडा."

"कसला? मी बाई असल्याचा?"

"नियम आहे."

बाईंनी जिभेवर आलेलं गिळलं आणि पर्समधून ओळखपत्राची प्रत काढली. हल्ली त्या सगळ्याच्या तीन-तीन प्रती बाळगायच्या. दाखला नीट व्हायला आणखी तीन आठवडे गेले. तोवर चष्मेवाल्या ठेकेदाराचा फोन आला, शाळेच्या इमारतीची निविदा निघतेय, येताय का.

"येते," बाई म्हणाल्या. "पण या वेळी तुमच्या ऑफिसात नाही. तुम्ही माझ्या शेडमध्ये या. इथल्या खुर्च्या डुगडुगत नाहीत."

त्याने पत्ता विचारला.