पागेतल्या विटा

पागेतल्या विटांची ती घटना मला अजून जशीच्या तशी आठवते. मी इंग्लंडच्या पोलीस दलात सार्जंट होतो आणि त्या केसमध्ये पुण्याच्या एका मुलीची नोकरी मी जवळजवळ घालवली होती.

साल दोन हजारनंतरचं. लंडनजवळच्या स्लाऊ गावापासून तासाभरावर एका जुन्या हवेलीची पागा दुरुस्तीला काढली होती. दीडशे वर्षांपूर्वीचं काम, पण बांधणाऱ्यानं माणसापेक्षा घोड्याचा विचार जास्त केलेला. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून खिडक्या उंच. टाप घसरू नये म्हणून फरशीच्या निळसर विटांना खाचा, आणि सगळ्या फरशीला नालीकडे उतार. अशा जुन्या विटांना इथे चांगला भाव येतो. एका वीकेंडला या विटा कुणीतरी उचलून नेल्या.

संशय त्या मुलीवर आला. ती आर्किटेक्ट, वर्क व्हिसावर आलेली. तिनं प्रत्येक विटेला खडूनं नंबर देऊन नकाशा केला होता आणि चोरांनी त्यातल्या नेमक्या धडधाकट विटा नेल्या होत्या. तिच्या फर्मच्या मालकानं तिला काढायचंच ठरवलं. नोकरी गेली की व्हिसाही गेला.

ठाण्यात तिनं माझं आडनाव वाचलं. "काका, तुम्ही मराठी?"

"सार्जंट म्हणायचं," मी इंग्रजीत सुनावलं. आपल्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तिला दोन तास पिळलं. शेवटी माझ्या इन्स्पेक्टरनं बाहेर बोलावून विचारलं, "तिनं तुझं काय घोडं मारलंय?"

दोन दिवसांनी खबर आली. जुन्या बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका यार्डात तसल्याच विटा आल्या होत्या. खडूचे नंबर धुतलेले. यार्डवाला पक्का होता. "बेकरीच्या फरशीच्या आहेत," यापुढे तो हलेना.

मी तिला पुन्हा बोलावलं. शेजारी तिचा वकील, टेप चालू. ती चिडून म्हणाली, "सार्जंट, त्या विटेवर कढत पाणी ओता. पागेची असेल तर लगेच कळेल. दीडशे वर्षांचं घोड्यांचं मूत आत मुरलंय, धुऊन जात नाही."

मी यार्डवाल्याच्या ऑफिसात त्याचीच किटली उकळली आणि विटेवर ओतली. असा उग्र दर्प सुटला, की त्यानं स्वतः उठून खिडकी उघडली.

"बेकरीत पाव काय घोडे भाजत होते?" मी विचारलं.

अर्ध्या तासात त्यानं पागेवरच्याच स्कॅफोल्डिंगवाल्याचं, म्हणजे परांची बांधणाऱ्याचं, नाव दिलं. साइटच्या शेडमध्ये टांगलेला तिचा नकाशा बघून त्या परांचीवाल्यानं विटा निवडल्या होत्या. पुढे लॅबच्या अहवालानंही त्या पागेच्याच असल्याचं सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी लंडनच्या पिनर भागात तिच्या खोलीवर गेलो. "चुकलं माझं," मी मराठीत म्हणालो. "तू आपली आहेस म्हणूनच मी तुला जास्त छळलं." मला खरंच लाज वाटत होती.

"काका, सॉरी राहू द्या. आधी मालकांना फोन करा. आत्ता, स्पीकरवर, मला ऐकू येईल असं."

मी केला. मालक अडखळला, मग त्यानं तिची माफी मागितली आणि सोमवारी कामावर बोलावलं. फोन ठेवल्यावर ती हमसून हमसून रडली.

आपल्या माणसाला झुकतं माप देऊ नये, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्याला मुद्दाम कमी माप देणं हाही अन्यायच, हे तिच्यामुळे कळलं. ती पुढे इथेच स्थायिक झाली. आमच्या भागात जुन्या इमारतीतून काही चोरीला गेलं, की पोलीस आजही आधी तिलाच बोलावतात. सल्ला विचारायला.