आखाजीचं आवतन

एरंडोलला एका दिवसात पाच-सहा कामं सहज उरकतात, असं फक्त पुण्यात बसलेल्या माणसाला वाटू शकतं. मी तर यादीच करून आले होते: घागर, खापर, डांगर, आंबे, आईच्या चष्म्याची काडी, आणि नानांना जेवणाचं आवतन. जळगावहून आलेल्या एसटीने मला हायवेवर उतरवलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन मात्र बाराचं होतं.

आमचं गाव फार जुनं. पांडव इथे राहिले होते आणि बकासुरासाठी निघालेला गाडाभर भात भीमाने इथेच फस्त केला, असं आम्ही लहानपणी ऐकलं आणि पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं. एवढ्या जुन्या गावाला घाई कशाला असेल? चष्मेवाल्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि काडीचा स्क्रू आणायला म्हणून जो गेला, तो पाऊण तासाने चहा पिऊनच परतला. वर माझ्यासाठीही चहा सांगून आला होता. त्याच्यावर चिडायची मी तयारी केली होती, ती वाया गेली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, झोके घेतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि कोणाला तरी त्यांच्या जागी पाटावर बसवून जेवू घालतात. जेवायला बसतो त्याला पित्तर म्हणायचं. वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी होती. मी एकुलती एक, त्यामुळे यंदा झोकाही माझा आणि घागरही माझीच.

पित्तर म्हणून शेजारपाजारचं कोणीही चाललं असतं. आईने मात्र हट्ट धरला की नानाच हवेत.

नाना म्हणजे वडिलांचे, आमच्या आबांचे, पहिलीपासूनचे दोस्त आणि गेल्या अकरा वर्षांचे शत्रू. कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. एका हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होती आणि भरीत नानांनी केलं होतं. वडील एक घास खाऊन चारचौघांत म्हणाले की वांगी गॅसवर भाजलेली दिसतात. खान्देशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. तिथे हे बोलणं म्हणजे माणसाची अब्रू काढणंच. नाना तर पहाटेपासून धुरात बसले होते, डोळे लालभडक झाले होते. ते ताटावरून उठले ते उठलेच. दोघं दोन गल्ल्यांवर राहायचे, पण वडिलांनी न्हावी बदलला आणि नानांनी बाजाराचा रस्ता. वडील गेले तेव्हाही नाना आले नाहीत. त्याचा मला राग होता, आणि तो मी जपून ठेवला होता.

आईचं म्हणणं एवढंच होतं की हे भांडण तसंच राहिलं तर तिच्या हातचं ताट वडिलांना पोचणार नाही. मग मी पुण्याहून नानांना फोन केला. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन ते म्हणाले, "फोनवर कोणी आवतन देतस का?" आणि फोन ठेवला. इथे जेवणाचं आवतन दारात जाऊनच द्यायचं असतं. माझ्यासारखी खान्देशी बाई हे विसरली, म्हणजे पुणं माझ्यात जरा जास्तच मुरलं होतं.

म्हणूनच नानांचं घर मी यादीत सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. कुंभारवाड्यात मी मुद्दामच रेंगाळले. मांडे भाजायचं खापर कुंभारीण अक्काने बोटाने वाजवून दाखवलं. मीही समजल्यासारखी मान हलवली. मग तिने पाच खापरं बाजूला सारून सहावं माझ्या हातात दिलं. घागरीला हात लावल्यावर तिने विचारलं, पहिलं वर्ष का? मी हो म्हटलं. तिने घागर पदराने पुसून दिली. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं.

डांगर, म्हणजे घागरीवर ठेवायचं खरबूज, घेताना मात्र मी तीन गाड्यांवर भांडले आणि बरं वाटलं. आंबेवाला दुपारी झोपला होता. त्याच्या बायकोने त्याला उठवायला साफ नकार दिला, तेव्हा मी सावलीला बसून त्याच्या झोपेची राखण केली. सगळं घरी टाकून नानांच्या दारात पोचेपर्यंत पाच वाजले होते.

नाना खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मी दारातूनच रीतसर आवतन दिलं आणि न थांबता हेही विचारलं, की आबा गेले तेव्हा तुम्ही का नाही आलात? मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत.

"मी त्याना पाटवर बसनू, म्हणजे तो गया हाई मी मानी लिधं," ते म्हणाले. "आते कसं, आम्हनं भांडन चालू शे."

त्याच्या पाटावर बसलो म्हणजे तो गेला हे मी मानलं, असं त्यांचं म्हणणं; भांडण चालू होतं तोवर त्यांच्या लेखी आबा गेलेच नव्हते. अकरा वर्षांचा अबोला हा माणूस असा सांभाळत होता, आणि मी माझा राग. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी नमस्कार करून निघाले. घरी जाऊन आईला सांगितलं की ते बहुतेक येणार नाहीत. आईने ऐकलं आणि पुरणाची डाळ निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी घागर भरली, ताट वाढलं, पाट मांडला. पित्तर जेवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. एक वाजला, दीड वाजला. शेजारचे काका येऊन, मी बसू का, म्हणून विचारून गेले. आईने त्यांना हात जोडले. पुरण निवत चाललं होतं. मी आईला म्हणणार होते की आता काकांनाच बोलव, तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. पांढरीशुभ्र टोपी घातलेले नाना आत आले, कोणाकडे न बघता पाटावर बसले आणि खाली मान घालून जेवू लागले.

त्यांनी सगळं खाल्लं. ताट पुसून ठेवल्यासारखं झालं. जेवण झालं की घरच्या बाईने पित्तराला पोट भरलं का म्हणून विचारायचं आणि त्याने भरलं म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. आईने पदर सावरून विचारलं.

नाना रिकाम्या ताटाकडे बघत होते.

"त्यानं पोट भरनं," ते म्हणाले. "मन्हं नही भरनं, वहिनी."

आई आत गेली आणि दुसरं ताट घेऊन आली.